झांझिबारच्या बायकांचं खाऱ्या पाण्यातलं शेत

या कार्यक्रमात आपण एरवी आसपासच्या गटांच्या गोष्टी सांगतो. आज जरा लांब जायचं आहे, पण सुरुवात आपल्याच मसाल्याच्या डब्यापासून करू या. डब्यात लवंग असतेच. गेल्या शतकात मुंबईच्या मसाला बाजारात जी लवंग यायची, तिच्यातली पुष्कळशी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या एका बेटावरून यायची. कच्छी आणि गुजराती व्यापारी त्याला जंगबार म्हणत. नकाशावर त्याचं नाव झांझिबार.

झांझिबार हे एक बेट नाही, बेटांचा समूह आहे. त्यातली दोन मोठी बेटं म्हणजे उंगुजा आणि पेम्बा. या बेटांवरच्या बायकांनी गेली पस्तीस वर्षं समुद्रात शेती केली. त्या शेतीनं त्यांना काय दिलं, कुठे अडवलं आणि मग त्या कशा उभ्या राहिल्या, तो इतिहास आज आपण बघणार आहोत. आम्हाला तो सांगावासा वाटला, कारण त्यातले कितीतरी प्रसंग आपल्या गटांच्या बैठकीत घडल्यासारखे आहेत.

आधी बेटाची जुनी गोष्ट. एकोणिसाव्या शतकात ओमानच्या सुलतानानं आपली राजधानी झांझिबारला नेली आणि तिथे लवंगेच्या बागा वाढल्या. ती झाडं लावली आणि राखली गुलाम माणसांनी. गुलामांचा बाजार १८७३ साली बंद झाला. पुढे इंग्रजांचा अंमल आला. लवंगेचा पैसा सुलतान, जमीनदार आणि व्यापारी यांच्यात फिरला. कळ्या खुडणाऱ्याच्या हाती थोडाच आला.

या लवंगेवरून आपल्या देशातही एकदा मोठं प्रकरण झालं होतं. तिथल्या सरकारनं १९३७ साली लवंगेच्या निर्यातीचा सगळा अधिकार एकाच संघाकडे दिला. भारतीय व्यापारी चिडले. भारतात झांझिबारच्या लवंगेवर बहिष्कार घालण्यात आला आणि काँग्रेसनं त्याला पाठिंबा दिला. १९३८ मध्ये तडजोड झाली. भाव कुणाच्या हातात राहणार, यावरचं ते भांडण होतं. पण ते सरकार आणि व्यापारी यांच्यातलं भांडण होतं. खुडणाऱ्या बायाबापड्यांना त्यात कुणी विचारलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती परत येणार आहे.

१९६३ च्या डिसेंबरात झांझिबार स्वतंत्र झालं. महिन्याभरातच तिथे क्रांती झाली, सुलतान गेला आणि १९६४ च्या एप्रिलमध्ये टांगानिका आणि झांझिबार मिळून टांझानिया हा देश झाला. लवंग मात्र तशीच राहिली, बेटाचं मुख्य पीक म्हणून. मग १९८० च्या दशकात लवंगेचा जागतिक भाव कोसळला. लवंगेचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक होता इंडोनेशिया. तिथे सिगारेटमध्ये लवंग घालतात. त्या देशानं स्वतःच लवंग पिकवायला घेतली आणि बेटाची खरेदी आटली. एकाच पिकावर आणि एकाच गिऱ्हाइकावर सगळा संसार टेकवला की काय होतं, ते तेव्हा दिसलं.

आता उंगुजाच्या पूर्व किनाऱ्याकडे येऊ. तिथली जमीन प्रवाळाच्या दगडाची, मातीचा थर पातळ. शेती जेमतेम. पुरुष होड्या घेऊन मासेमारीला जात. बायका ओहोटीला किनाऱ्यावर शिंपले गोळा करत, खडकांच्या फटीतले ऑक्टोपस पकडत. नारळाची सोडणं वाळूत महिनोन्‌महिने पुरून ठेवत, कुजली की कुटून काथ्या काढत आणि दोर वळत. आपल्या कोकणातल्या बायकांना हे काम वेगळं सांगायला नको. दिवसभर राबून हाती येणारे पैसे मात्र थोडे.

या किनाऱ्यावर एक रानटी शेवाळ आपोआप वाढतं. स्वाहिली भाषेत शेवाळाला म्वानी म्हणतात. किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळ गोळा करून, वाळवून विकायचा धंदा तिथे आधीपासून होता. त्याला गिऱ्हाईक होतं, कारण या शेवाळातून कॅरागीनन नावाचा चिकट, दाट करणारा पदार्थ निघतो. आइस्क्रीम घट्ट राहावं, टूथपेस्ट नळीतून बाहेर येताना पाण्यासारखी वाहू नये, म्हणून तो घालतात. आपण खरवसासारख्या वड्या करायला जे चायना ग्रास वापरतो, तेही समुद्री शेवाळापासूनच होतं, पण त्याची जात वेगळी.

शेवाळ लावून वाढवता येतं, हे शास्त्रज्ञांनी फिलिपाइन्समध्ये दाखवलं. हवाई विद्यापीठाचे मॅक्सवेल डोटी यांनी तिथल्या स्थानिक माणसांबरोबर हे प्रयोग केले आणि १९७० च्या दशकात तिथे समुद्रातली शेती उभी राहिली. चांगल्या जातीच्या एका शेवाळाला डोटींनी आपले फिलिपिनो सहकारी अल्वारेझ यांचं नाव दिलं. याच हवाई विद्यापीठात टांझानियाचे केटो म्शिगेनी शिकत होते. परत आल्यावर त्यांनी आपल्या किनाऱ्यावरच्या शेवाळांचा अभ्यास केला आणि हे पीक आपल्याकडेही घेता येईल, असं सांगितलं. १९८९ मध्ये फिलिपाइन्सहून बियाणं आणून पाजे आणि जांबियानी या पूर्व किनाऱ्यावरच्या गावांत विक्रीसाठी लागवड सुरू झाली.

मैत्रिणींनो, ही शेती कशी करतात ते ऐका. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास भरती खूप चढते आणि ओहोटीही खूप लांब जाते. त्या दिवसांत तिथलं पाणी किनाऱ्यापासून पार आत सरकतं आणि गुडघाभर पाण्याचं मोठं मैदान उघडं पडतं. बायका तिथे लाकडी खुंट्यांच्या रांगा ठोकतात. दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणतात. शेवाळाचे छोटे तुकडे दोरीला वीत-वीत अंतरावर बांधतात. झाली लावणी. खत नाही, पाणी द्यायला नको. पण खुरपणी आहे. दोरीवर दुसरंच शेवाळ चढतं, ते काढावं लागतं. मासे खातात, लाटेनं दोऱ्या तुटतात, त्या परत बांधाव्या लागतात. साधारण सहा आठवड्यांनी काढणी. ओलं शेवाळ गोणीत भरून डोक्यावरून किनाऱ्यावर आणायचं, त्यातला एक भाग पुढच्या लावणीला ठेवायचा आणि बाकीचं उन्हात वाळवायचं. आठ-दहा किलो ओलं वाळलं की जेमतेम एक किलो उरतं. वेळापत्रक घड्याळाचं नाही, चंद्राचं.

सुरुवातीला या कामात पुरुषही उतरले होते. पैसे थोडे आणि कष्ट फार, हे दिसल्यावर बरेच जण परत मासेमारीकडे, नाहीतर नव्यानं उभ्या राहिलेल्या हॉटेलांच्या कामाकडे वळले. बायका टिकल्या. आज बेटांवर वीस हजारांहून जास्त माणसं ही शेती करतात आणि त्यांतल्या दहांपैकी आठ तरी बायका आहेत.

पहिल्या वर्षांत या पैशानं गावाचं रूप बदललं. बाईच्या हातात तिच्या नावाचे पैसे आले. मुलांचे गणवेश, वह्या, घरातली भांडी, गादी यांसाठी नवऱ्याकडे हात पसरावा लागेना. काहींनी भिंती बांधल्या, काहींनी छपरावर पत्रे घातले. घटस्फोट झालेल्या आणि विधवा बायकांना हा मोठा आधार झाला. आधी घराबाहेरच्या या कामाबद्दल कुरकुर करणारे पुरुष घरात पैसे दिसल्यावर गप्प बसले. तिथल्या बायका कांगा नावाचं छापील कापड नेसतात, त्याच्या काठावर एखादं वचन छापलेलं असतं. असे पुष्कळ कांगे भारतात छापून तिकडे जात आले आहेत. ते विकत घ्यायचे पैसे आता बाईकडे स्वतःचे होते. या गोष्टी लहान वाटतील, पण आपल्या गटातली पहिली हजार रुपयांची अंतर्गत उचल आठवून बघा.

मग अडलं कुठे? भावापाशी. खुंट्या, दोऱ्या आणि बियाणं खरेदीदार कंपनी द्यायची आणि माल त्याच कंपनीला घालायचा, अशी रीत पडली. गावात बहुतेक वेळा एकच खरेदीदार. तो म्हणेल तो भाव. शेवाळ वाळून जहाजानं परदेशी जायचं आणि त्यातून कॅरागीनन निघायचं दुसऱ्या देशात. बाईला मिळायचे ते वाळलेल्या कच्च्या मालाचे पैसे. पूर्वी लवंग खुडणाऱ्याची जी गत होती, तीच आता शेवाळ बांधणारीची झाली.

आपल्याकडे हे नवं नाही. आमच्या भागातल्या एका गटाला एका कंपनीच्या माणसानं कोरफडीची रोपं दिली होती. माल सगळा आम्हीच उचलू, असा कागद दिला. रोपांचे पैसे बायकांनी गटातून कर्ज काढून भरले. पीक तयार झालं तेव्हा त्या माणसाचा फोन लागेना. कोरफड बांधावर सुकली आणि हप्ते मात्र दर महिन्याला भरावे लागले. तेव्हा आम्हीही त्या कागदाला भुलून बैठकीत हो म्हटलं होतं. पीक घ्यायचं कसं, हे आम्ही शिकलो होतो. दुसरा कुणी घेणारा आहे का, हे विचारलंच नव्हतं. म्हणून झांझिबारची गोष्ट आम्हाला परकी वाटत नाही.

कष्टांचाही हिशोब सांगायला हवा. तासन्‌तास वाकून, खाऱ्या पाण्यात उभं राहून, डोक्यावर ऊन आणि पाण्यावरून डोळ्यांत येणारी तिरीप. संशोधकांनी या बायकांच्या तब्येतीचा अभ्यास केला, तेव्हा पाठदुखी, सांधेदुखी, डोळ्यांचा त्रास आणि सततचा थकवा या तक्रारी ठळक दिसल्या. पाण्यात काटेरी प्राणी असतात, पाय फाटतात. मिळणारा पैसा या कष्टांच्या मानानं पुरेसा नाही, असंही त्या अभ्यासात निघालं. शिवाय किनाऱ्यावर हॉटेलं वाढली. पर्यटकांना मोकळं निळं पाणी हवं होतं आणि बायकांना खुंट्या ठोकायला जागा. त्यावरून कुरबुरी झाल्या.

आणि मग समुद्र तापला. शेवाळाच्या दोन जाती तिथे लावत. एक कॉटोनी, म्हणजे अल्वारेझ यांच्या नावाची. तिला भाव चांगला. दुसरी स्पिनोसम, ती दणकट पण भाव फार कमी. २००० नंतरच्या वर्षांत कॉटोनी मरायला लागली. उथळ पाणी उन्हानं जास्त तापलं की शेवाळ अशक्त होतं, फांद्या पांढऱ्याफटक आणि मऊ पडतात आणि तुटून वाहून जातात. या रोगाला आइस-आइस म्हणतात. सहा आठवड्यांची मेहनत एका आठवड्यात जाते. गावोगाव बायकांनी कॉटोनी सोडली आणि स्वस्त स्पिनोसम धरली. काहींनी शेतीच सोडली.

इथून गोष्टीचा दुसरा भाग सुरू होतो. झांझिबार शहरात दार-ए-सलाम विद्यापीठाची समुद्र विज्ञान संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञ डॉ. फ्लॉवर म्सुया यांनी आयुष्यभर शेवाळाचा अभ्यास केला. त्यांनी प्रयोगशाळेतलं काम गावात नेलं. २००६ मध्ये शेवाळ उत्पादक, संशोधक आणि सरकारी खाती यांना एकत्र आणणारा एक उपक्रम त्यांच्या पुढाकारानं सुरू झाला. त्याचं नाव झांझिबार सीवीड क्लस्टर इनिशिएटिव्ह. आपल्या भाषेत सांगायचं तर शेवाळवाल्यांचा समूह उपक्रम.

त्यात दोन कामं झाली. पहिलं काम मालाचं. वाळलेलं शेवाळ धुऊन, दळून त्याची पूड करायची आणि ती साबणात घालायची. खोबरेल तेल बेटावर होतंच. वासासाठी लवंग, दालचिनीसारखे बेटावरचेच मसाले. म्हणजे आजीच्या काळातली लवंग नातीच्या साबणात आली, पण या वेळी साबण नातीचा होता. उंगुजाच्या उत्तरेला किडोटी नावाचं गाव आहे. तिथल्या बायकांचा गट या कामात पुढे राहिला. त्यांच्या गटाचं नाव तुसिफे मोयो. त्याचा अर्थ, आपण हिंमत हरायची नाही. पाजे गावातही शेवाळाचा साबण करणारं केंद्र उभं राहिलं. पर्यटकाला विकलेल्या साबणाच्या एका वडीला एक किलो वाळलेल्या शेवाळापेक्षा जास्त पैसे येतात. पूर्वी ज्यांना बायकांच्या खुंट्या अडचण वाटत होत्या, त्याच हॉटेलांचे पाहुणे आता साबण विकत घेतात.

दुसरं काम समुद्रातलं. उथळ पाणी तापतं, तर शेत खोल पाण्यात न्यायचं. तिथे खुंट्या चालत नाहीत. म्हणून नळीसारख्या लांब जाळ्यांत शेवाळाचे तुकडे भरून ती जाळी पाण्यात तरंगती बांधायची. ही युक्ती ब्राझीलमध्ये निघाली, झांझिबारमध्ये ती बायकांबरोबर करून पाहिली. खोल पाण्यात कॉटोनी पुन्हा वाढू लागली. पण मग लक्षात आलं की बेटावर जन्म गेला तरी बहुतेक बायकांना पोहता येत नाही. पोहणं आणि होडी हे पुरुषांचं, असंच चालत आलेलं. म्हणून जाळी शिवण्याबरोबर पोहायला आणि होडी वापरायलाही शिकावं लागलं. नवं तंत्र आलं की त्याच्याबरोबर बाईला आणखी काय काय लागतं, हे आधी बघायला हवं. होडी दुसऱ्याची असेल, तर जाळ्यातलं पीकही अर्धं दुसऱ्याचंच होतं.

जांबियानी गावात आणखी एक वाट सापडली. तिथे काही बायका समुद्री स्पंज वाढवतात. हा एक साधा सागरी प्राणी आहे. अंग घासायला त्याचा उपयोग होतो. त्याचे तुकडे दोरीला लावले की वाढतात. तापलेलं पाणी तो शेवाळापेक्षा जास्त सोसतो आणि नगाला भाव चांगला मिळतो. हे काम मुद्दाम एकट्या संसार ओढणाऱ्या बायकांना शिकवलं गेलं. शिकायला मात्र वेळ लागतो, महिन्या-दोन महिन्यांत येत नाही.

इथे आपल्या देशातलं एक उदाहरण सांगायलाच हवं. तामिळनाडूत रामेश्वरमच्या बेटाजवळ मंडपम नावाचं गाव आहे. तिथे केंद्र सरकारच्या मीठ आणि सागरी रसायन संशोधन संस्थेचं केंद्र आहे. त्या संस्थेनं १९९० च्या दशकात हीच कॉटोनी जात तिथे वाढवली. २००० नंतर एका मोठ्या कंपनीबरोबर लागवड सुरू झाली आणि बँकेच्या कर्जावर बचत गटांच्या बायका बांबूच्या तराफ्यांवर शेवाळ घेऊ लागल्या. सुरुवातीची काही वर्षं बरी गेली. नंतर पाणी तापलं, पीक मेलं आणि उत्पादन खूप खाली आलं. म्हणजे बेट कोणतंही असो, समुद्राचा नियम तोच.

आता खरं चित्र सांगतो, गोड करून नाही. झांझिबारचं बहुतेक शेवाळ अजूनही कच्चंच, वाळवून परदेशी जातं. साबण करणाऱ्या बायका थोड्या आहेत. साबणाचं गिऱ्हाईक मुख्यतः पर्यटक, आणि २०२० साली सगळ्या जगातला प्रवास थांबला तेव्हा पर्यटकांवर टेकलेला धंदा किती कच्चा असतो, ते सगळ्यांनी पाहिलं. खोल पाण्यातल्या शेतीला होडी आणि भांडवल लागतं, ते प्रत्येकीकडे नाही. समुद्र तर तापतच आहे. तरी १९८९ च्या बाईत आणि आजच्या किडोटीच्या बाईत एक फरक आहे. पहिलीला पीक मिळालं होतं. दुसरीला ते पीक का मरतं, त्याचं पुढे काय होतं आणि ते कितीला विकलं जातं, हेही माहीत आहे.

मैत्रिणींनो, आपल्याकडे दर वर्षी कुणीतरी नवी योजना घेऊन येतं. कधी मशरूम, कधी रेशीम, कधी औषधी वनस्पती. आम्ही योजनांना नको म्हणायला सांगत नाही. झांझिबारला शास्त्रज्ञ आले नसते, तर त्या बायका अजून सोडणंच कुटत बसल्या असत्या. पण कोरफडीनंतर आम्ही आमच्या बैठकीत तीन प्रश्न ठरवले आहेत. ते विचारल्याशिवाय ठरावावर सह्या होत नाहीत. भाव कोण ठरवणार, आणि दुसरा घेणारा कोण आहे? पीक मेलं तर का मेलं, हे आपल्याला येऊन सांगणारं कुणी आहे का? आणि कच्चा माल विकण्याच्या पुढची निदान एक पायरी आपल्या हातानं करता येईल का?

पुढच्या मासिक बैठकीत हे तीन प्रश्न तुमच्या गटाच्या चालू धंद्याला लावून बघा. पापड असो, शेळ्या असोत, नाहीतर गोधडी. उत्तरं इतिवृत्तात लिहून ठेवा. एखाद्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर त्याच्यासमोर जागा कोरी सोडा आणि पुढच्या महिन्यात परत विचारा. आणि उद्या भाजीच्या फोडणीत लवंग टाकाल, तेव्हा ओहोटीच्या पाण्यात वाकून दोरी बांधणाऱ्या त्या मैत्रिणींची आठवण काढा.